गोजरबाईच्या हाताची नक्षी

मोनालीला वाकडं बघवत नसे. हा तिचा स्वभाव होता आणि नोकरीही तीच. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर बसे. समोरून रबराच्या चकत्या यायच्या, ही एकेक उचलून उलटसुलट करायची. काठ तुटका, मधे फुगा, भोक जरासं सरकलेलं, असं काही दिसलं की चकती लाल डब्यात. आठ तास दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर माणसानं घरी येऊन डोळे मिटून पडावं की नाही? पण ही बया मुकुंदवाडीच्या घरी यायची, कपभर चहा प्यायची आणि पाट पुढ्यात ओढून त्यावर कागद अंथरायची. मग जेवायची हाक तिसऱ्यांदा येईपर्यंत तिच्या हातातला बोरू सुटत नसे.

कागद कागजीपुऱ्याचा, हातानं केलेला. तो ती कांद्याच्या सालींत रंगवी. कांद्याची साल म्हणजे कचरा असं ज्याला वाटतं, त्यानं ती एकदा तासभर उकळून बघावी. वरून चिमूटभर तुरटी घालायची, त्यात कागद बुडवायचा, सावलीत वाळवायचा आणि कवडीनं घोटून घोटून गुळगुळीत करायचा. उन्हात राबलेल्या हाताचा असतो तसा रंग कागदावर येतो. शाई म्हणजे दिव्याची काजळी, बाभळीच्या डिंकात खललेली. वाळली की पक्की बसते, फक्त तिला पाणी लागू द्यायचं नाही. आणि या सगळ्यावर नक्षी: ठिपके, वेली, जाळ्या, कंगोरे. पेन्सिल नाही, पट्टी नाही. कॉलेजात असताना लागलेलं हे वेड नोकरी लागल्यावर सुटेल असं घरच्यांना वाटत होतं. सुटलं नाही, उलट वाढलं.

साली येत लासूर स्टेशनाहून, पोतं भरून. पाठवणारी गोजरबाई. ही मोनालीच्या वडिलांची, राजकुमारची आत्या. पण घरात लहानथोर सगळेच तिला आत्याबाई म्हणत. वय सत्त्याहत्तर, कणा ताठ, जीभ त्याहून ताठ. लासूरच्या कांदा मार्केटात तीस वर्षं कांदे निवडायचं काम केलेलं. उन्हाळा असो की काही, अंगात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. वैशाखात लग्नाच्या मांडवात बाकीच्या बाया पदरानं वारा घेत असताना आत्याबाई बाह्या खाली ओढून बसलेली. कुणी चेष्टा केली तर म्हणायची, "माझी कातडी हाय, तुला का उकडतंय?"

दोन वर्षांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती आठ दिवस मुकुंदवाडीला राहिली. डोळ्यांत थेंब टाकायचं, हातपाय पुसून द्यायचं काम मोनालीकडे आलं. तेव्हा पहिल्यांदा ती बाही कोपराच्या वर गेली आणि मोनाली ओला टॉवेल हातात धरून नुसती बघत राहिली. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. खाली ठिपक्यांच्या दोन ओळी, वर शिडीसारखी वेल, एका बाजूला विंचू, दुसऱ्या बाजूला तुळस, चहूबाजूंनी पाकळ्या. हिरवट पडलेलं, पण रेघ न् रेघ जागच्या जागी. फक्त मधोमध बिस्किटाएवढी जागा रिकामी होती. तिथं कातडी ताणलेली, चकचकीत, गोंदणाचा मागमूस नाही.

"आत्याबाई, हे मधे काय झालं?"

"भाजलं."

मोनालीनं जे ऐकायचं ते ऐकलं. चूल, तवा, भाकरी. आपल्याकडे कुठल्या बाईचा हात भाजलेला नसतो?

त्या दिवसापासून तिनं आत्याबाईचा पिच्छा पुरवला. मला हे कागदावर काढू दे. आत्याबाई म्हणे, नाय. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात ते या घराण्याकडे बघूनच म्हणत असावेत, फक्त इथं दोन्ही टोकांना तोच पीळ होता. शेवटी दीड वर्षानं म्हातारी कंटाळली. दार लावून घेतलं, बाही वर केली आणि म्हणाली, "काढ. पर हाय तसं काढ. मास्तरकी करू नको."

मोनालीनं पातळ कागद हातावर ठेवून ठिपका न् ठिपका उतरवून घेतला. घरी येऊन कांद्याच्या रंगाचा सगळ्यात चांगला कागद निवडला आणि महिनाभर बसली. विंचवाची नांगी, तुळशीची मंजिरी, सगळं झालं. राहिली मधली जागा.

आणि इथं लाल डब्याची सवय आडवी आली. ती रिकामी जागा तिला सोसेना. चारी बाजूंची नक्षी त्या जागेकडे धाव घेते आणि तिथं काहीच नाही! तिनं पाकळ्या मोजल्या, ठिपके मोजले, डावं-उजवं जुळवून पाहिलं. इथं काय असेल? असणार ते फूलच, आठ पाकळ्यांचं, भोवती ठिपक्यांचं कडं. तिनं श्वास रोखून ते काढलं आणि ते इतकं चपखल बसलं की तिचे डोळे भरून आले. आगीनं आत्याबाईचं जे नेलं ते आपण परत आणलं, असं तिला मनापासून वाटलं. 'हाय तसं काढ' हे शब्द आठवले नाहीत असं नाही. पण वस्तू दुरुस्त करून दिली तर मालक रागावतो होय, असं तिनं मनाशी म्हटलं.

फोटो काढून तिनं शहरातल्या एका प्रदर्शनाकडे पाठवला. नैसर्गिक रंगांच्या कागदावरची नक्षी, असा विषय होता. आठवड्यानं फोन आला. प्रदर्शन भरवणाऱ्या दीपमाला मॅडम स्वतः बोलत होत्या. दीडशेतून पंधरा निवडलेत, त्यात तुझं आहे. भिंतीवर चित्र, खाली तुझ्या नावाची पाटी. आणि ते मधलं फूल, काय सुंदर आहे!

त्या संध्याकाळी राजकुमारनं जिलेबी आणली. तो वायरमन, आयुष्य खांबावर गेलेलं. आपल्या पोरीचं नाव भिंतीवर लागणार हे त्यानं गल्लीत ज्याला त्याला सांगितलं. मोनालीलाही किती आनंद झाला म्हणून सांगू? सहा वर्षं पाटावर वाकून मान धरली होती, पण घरच्यांखेरीज त्याला कुणी काम म्हटलं नव्हतं. आता तिचं नाव लागणार होतं.

प्रदर्शनाला अकरा दिवस होते. रविवारी ती कागद पुठ्ठ्यांत बांधून लासूरला गेली.

आत्याबाईचं दोन खोल्यांचं घर स्टेशनामागे आहे. शेजारची चंपाबाई नेहमीप्रमाणे तिच्याच उंबऱ्यावर बसलेली. गावातली कुठलीही गोष्ट आपल्याला शेवटी कळली तर जेवण न जाणारी ही बाई. आत्याबाईनं तिला "जा, तुझं दूध उतू जाईल" म्हणून घालवलं, दार ओढून घेतलं आणि चष्मा लावला.

तिचं बोट कागदावर न टेकता वरून वरून फिरू लागलं. विंचवाशी आल्यावर ती हसली. "ह्याला मी लई भ्यायचे. वाटायचं, रातीला चावंल." तुळस बघून मान हलवली. मग बोट मधे आलं आणि थांबलं.

"हे कुणाचंय?"

"तुझंच की. जळालेलं मी परत काढलं."

चष्मा काढून आत्याबाईनं पदरानं पुसला आणि परत लावला. मग अगदी हळू म्हणाली, "म्या जाळलं, अन तू परत काढलं."

मोनालीला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिनं कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"सहा वर्सांची असंन मी," आत्याबाई म्हणाली. "करमाडकडं आमचं गाव. सारखी आजारी. आजीनं नवस केला, पोर जगली तर देवाला सोडीन. देवाला सोडायची म्हंजी मुरळी करायची. देवासंग लगीन लावायचं, अन मंग जल्मभर ती गावाची. मी जगले. जत्रंत गोंदणारीण आली, आजीनं हात पुढं धरला. ही भवतालची नक्षी हौसंची. मधली खूण नवसाची. ती बघितली की माणसाला कळायचं, ही पोर सोडायची हाय."

"मग?"

"मंग माझ्या बापानं बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला. म्हणला, माझी पोर कुणालाच सोडायची नाय. बापानं शबुद पाळला. पर खूण तशीच व्हती ना हातावर! बाजारात गडी हात धरून बघायचे अन हसायचे. गावात बैल मेला, कुणाला ताप आला, की आलेच दारात. गोजरीचा नवस फेडा म्हणून. बाप एकटा किती भांडंल? तेरा वर्सांची झाले. एक दिस बिब्बा आणला, फोडला, तापवला अन त्याचं तेल लावलं त्या खुणंवर. तोंडात पदर कोंबून बसले. पंधरा दिस हात सुजलेला. आई म्हणली काय झालं, म्हणलं भाजलं. खोटं नाय बोलले. कुणी भाजलं तेवढं नाय सांगितलं. नवऱ्याला नाय, राजकुमारच्या बापाला नाय. आज तुला सांगतीय."

बाहेर कांद्याचा ट्रक मागं घेताना कुणीतरी "आने दो, आने दो" ओरडत होता. मोनालीला मान वर करवेना.

"फूल चांगलंय बाई," आत्याबाई म्हणाली. "पर ती जागा मोकळी करायला म्या लई सोसलं."

"मी काढून टाकते."

"आता कसं काढशील? कागद खराब हुईल."

"होऊ दे."

घरी आल्यावर मोनालीनं कुणाला काही सांगितलं नाही. ते सांगणं तिचं नव्हतंच. पाटावर कागद ठेवला, वाटीत पाणी घेतलं, कापसाची बारीक वात वळली आणि फुलाच्या पहिल्या पाकळीवर टेकवली. शाई सुटली की टिपकागदानं उचलायची. पुन्हा वात, पुन्हा टिपकागद. पाणी जरा जास्त झालं तर बाजूची वेल फुटणार, कमी पडलं तर शाई हलणार नाही. एका संध्याकाळी दोन पाकळ्या निघाल्या. काढताना आठ पाकळ्यांना तास लागला असेल, पुसायला चार संध्याकाळी गेल्या. मान मोडली, बोटांची टोकं काळी झाली, पण तिनं हात थांबवला नाही. शेवटी फूल गेलं. मात्र शाईबरोबर कांद्याचा रंगही थोडा उठला, घोटलेला कागद तिथं खरबरीत झाला. मधे एक फिकट डाग राहिला, कडेला किंचित राखाडी.

राजकुमारनं ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "अगं, हे काय करून बसलीस? एवढं निवडलेलं चित्र!" मग बिचाऱ्यानं विचार करून तोडगाही काढला. "एक काम कर. तिथं धम्मचक्र काढ. डाग झाकला जाईल, आत्याबाईलाही बरं वाटेल. तिच्याच हाताची नक्षी ना ही?"

"पप्पा, तिच्या हातावर चक्र नाही."

"फूल तरी कुठं होतं?"

"म्हणूनच पुसलं."

राजकुमारला काही उमजलं नाही. पोरगी कामानं थकलीय, असं त्यानं बायकोला सांगितलं.

चित्र द्यायच्या दिवशी मोनालीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हॉलमध्ये मजूर भिंतींना खिळे ठोकत होते. दीपमाला मॅडमनी पुठ्ठा उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मोनाली, फूल कुठे गेलं? आणि हा डाग?"

"डाग नाही मॅडम. नक्षी अशीच आहे. आधीचं चुकलं होतं माझं."

दीपमाला मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढली, मोनालीला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "हे बघ, आमच्या पुस्तिकेत फुलासकट फोटो छापून झालाय. लोक ते शोधत येतील आणि इथे त्यांना पुसलेला कागद दिसेल. म्हणतील, पाणी सांडलं आणि तसंच लावलं. एक तर पुन्हा फूल काढ, तू तासाभरात काढशील. नाहीतर ही जागा रिकामी का, ते मला दोन ओळींत लिहून दे. मी पाटीवर लावते. मग डाग डाग राहणार नाही. मी तर म्हणते, लोक सगळ्यात जास्त तिथेच थांबतील."

बोलणं शंभर टक्के रास्त होतं आणि तीच तर पंचाईत होती. समोरचा माणूस आडमुठा असला की नाही म्हणायला जोर येतो. दोन ओळी! मोनालीच्या जिभेवर त्या तयार होत्या. पण ज्या बाईनं चौसष्ट वर्षं सख्ख्या भावाला सांगितलं नाही, तिची गोष्ट भिंतीवर पाटी करून लावायची? येणारे-जाणारे चहाचा कप हातात धरून वाचणार?

"संध्याकाळपर्यंत सांग," मॅडम म्हणाल्या.

मोनालीनं बाहेर पायरीवर बसून लासूरला फोन लावला. आत्याबाईला विचारावं, तिनं हो म्हटलं तर लिहून द्यावं, असं तिच्या मनात होतं. पण तिनं जेमतेम सुरुवात केली तोच पलीकडून आवाज आला, "लावत नाय म्हणत्यात ना? मला वाटलंच. मंग भर बाई ते फूल. तुझं नाव लागू दे. माझं काय, आज हाय उद्या नाय. एवढ्याशा जागंचं काय घेऊन बसायचं?"

आत्याबाईला आजवर कुणी माघार घेताना पाहिलं नव्हतं. कांदा मार्केटच्या मुकादमापुढं नाही, मोतीबिंदूच्या डॉक्टरपुढं नाही. आणि आता ती मोनालीच्या नावासाठी ती जागा देऊ करत होती. आता हिला 'तुझी गोष्ट लिहू का' असं कुठल्या तोंडानं विचारायचं?

"बरं आत्याबाई, ठेवते," एवढंच ती म्हणाली.

पायरीवर ती बराच वेळ बसली. पिशवीत बोरू होता, शाईची बाटलीही होती. खोटं कशाला सांगा, तिनं बाटलीचं झाकण अर्धं उघडलंसुद्धा. पप्पांनी गल्लीभर सांगितलेलं आठवलं, नावाची पाटी डोळ्यांपुढं आली. मग तिनं झाकण घट्ट लावलं आणि आत गेली.

"मॅडम, मी भरणार नाही. आणि लिहूनही देता येणार नाही."

"का पण?"

"ते माझं नाही सांगायचं."

दीपमाला मॅडमनी पुठ्ठे मिटून तिच्यापुढं सरकवले. "मग मला चौदाच लावावी लागतील गं."

"हो," मोनाली म्हणाली आणि पुठ्ठे बांधू लागली. गाठ बसेना. रिक्षात बसल्यावर ती रडली, क्रांती चौकापासून थेट मुकुंदवाडीपर्यंत. रिक्षावाल्यानं आरशातून पाहून "क्या हुआ बेटा?" विचारलं, तेव्हा ती "कुछ नही, चाचा" म्हणाली आणि पुन्हा रडली. वाईट वाटायचं ते वाटलंच. योग्य वागल्यावर वाईट वाटत नाही असं सांगणारे फार शहाणे असतात, त्यांना रिक्षात बसवून बघावं.

प्रदर्शन ज्या रविवारी उघडलं, त्याच रविवारी ती लासूरला निघाली. कागद काचेत बसवून घेतला होता. आत्याबाईनं तो मांडीवर घेतला आणि आधी मधेच पाहिलं.

"फूल नाय काढलंस?"

"नाही."

"मंग लावलं का त्येंनी?"

"नाही लावलं."

"अगं, मंग कारण सांगायचं व्हतंस की त्यांना."

"त्यांनी विचारलं होतं. कसं सांगू? तुझं आहे ते."

आत्याबाईनं काचेवर हात ठेवला. बाहीतून मनगटाच्या ठिपक्यांची ओळ बाहेर आली होती, ती तिनं आत ओढली नाही. मग ती उठली, कपाटावरून हातोडी आणि खिळा काढला आणि मोनालीच्या हातात दिला.

"आतल्या खोलीत लावू?"

"हितं लाव. दाराम्होरं."

खिळ्याचा आवाज ऐकून चंपाबाई न येईल तर ती चंपाबाई कसली! फ्रेम टांगून होते न होते तोच ती उंबऱ्यावर हजर. कमरेवर हात ठेवून तिनं चित्र खालून वर न्याहाळलं, विंचवाला नावाजलं, तुळशीला नावाजलं आणि मग मान वाकडी करून म्हणाली, "मोनाली, हितं मधी काढायचं राह्यलं का गं?"

मोनालीनं काहीतरी थातुरमातुर सांगायला तोंड उघडलं.

"राह्यलं नाय," आत्याबाई म्हणाली. "ये, आत ये चंपा. बस खाली. सांगते."